सुतळी जेवत नाही

सुतळीने उंदराकडे पाठ फिरवली त्या दिवशी काटेसाहेबांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. माणसाचंसुद्धा एखाद्या दिवशी पोट भरलेलं असतं. त्यांनी चिमट्यातला उंदीर पुन्हा एकदा तिच्या नाकासमोरून फिरवला, तिने मान पेटीतल्या लपायच्या खोक्यात ओढून घेतली, आणि "बरं" म्हणून ते उठले. तीन दिवसांनी तिने पुन्हा तेच केलं. सहाव्या दिवशीही तेच. मग मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

सुतळी म्हणजे साप. अजगराच्या जातीतला, पण लहान चणीचा, विष नाही आणि फारसा उत्साहही नाही. काटेसाहेबांच्या लेकीने तिला घरी आणलं तेव्हा ती सुतळीएवढीच होती, म्हणून नाव सुतळी. पुढे ती मनगटाएवढी जाड झाली, पण तोवर नाव पक्कं झालं होतं. लेक आठ महिन्यांपूर्वी दूरच्या शहरात नोकरीला गेली, पुलांचे आराखडे काढणाऱ्या एका कचेरीत. तिथली घरमालकीण म्हणाली, मांजर चालेल, साप नाही. मग सुतळी इथेच राहिली. काटेसाहेबांच्या बायकोने सांगून टाकलं की ती त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही, आणि गोठवलेले उंदीर फ्रीजरमध्ये ठेवायचेच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचे, आणि आत काय आहे ते डब्यावर लिहायचं नाही. अशा रीतीने साप काटेसाहेबांच्या गळ्यात पडला.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात दुकानादुकानांत जायचं, वजनकाटे तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल तो उचलून न्यायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. दुकानदार त्यांना पाठीमागे काटेसाहेब म्हणायचे, होता होता तोंडावरही म्हणू लागले. खात्याची पितळी वजनं ते बोटांनी कधी उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटाचा घाम वजनाला लागला की वजन खोटं बोलायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं. असा माणूस घरात असला की घरच्यांचं काय होतं ते घरच्यांनाच ठाऊक. बायकोने चहात चमचाभर साखर घातली की ते चमच्याकडे बघायचे, आणि ती म्हणायची, "जप्त करा."

पण त्यांचं खरं दुखणं होतं ते फोनचं. लेक बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सातला फोन करायची. जेवणाच्या टेबलाशेजारी घरातला एकुलता एक फोन होता आणि काटेसाहेब पावणेसातपासूनच त्याच्या आसपास काहीतरी शोधत असायचे. घंटा वाजली की पहिल्याच ठोक्याला उचलायचे.

"बाबा, बरे आहात ना?"

"हो. जेवलीस का?"

"हो. आईला द्या."

संपलं. सहा सेकंद. मग बायको अर्धा तास हसायची, "अगं बाई" म्हणायची, कुजबुजायची, आणि काटेसाहेब पेपरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. भांडण वगैरे काही नव्हतं. त्यांचं लेकीवर जीवापाड प्रेम होतं, पण ते प्रेम "जेवलीस का" या दोनच शब्दांत मावत होतं, आणि त्या दोन शब्दांना उत्तर एकच असतं. त्यानंतर काय बोलायचं ते त्यांना एकतीस वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

सुतळीने जेवण नाकारलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी "हो, आईला द्या" यायच्या आत ते चटकन म्हणाले, "सुतळी जेवत नाही."

मग लेक म्हणाली, "म्हणजे? किती दिवस?"

त्या दिवशी ते तिच्याशी चौदा मिनिटं बोलले. पेटीतली उष्णता किती, पाणी कधी बदललं, डोळे दुधाळ दिसतात का, कात टाकायची वेळ झाली आहे का, असं एकेक ती विचारत गेली आणि ते एकेक सांगत गेले. शेवटी ती म्हणाली, "बाबा, वजनावर लक्ष ठेवा. वजन उतरलं नाही तर घाबरायचं कारण नाही. उद्या पुन्हा फोन करते."

वजनावर लक्ष ठेवा, हे ती कोणाला सांगत होती याचा तिने क्षणभर विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काटेसाहेबांनी स्वतःचा टेबलावरचा काटा सापाच्या खोलीत नेला. वाऱ्याने पारडं हलू नये म्हणून खिडकी लावली. काट्याच्या पायाशी पाण्याचा बुडबुडा असतो, तो बरोबर मध्ये येईपर्यंत स्क्रू फिरवले. काटा शून्यावर आणला. मग हातमोजे घालून सुतळीला खोक्यातून बाहेर काढलं आणि पारड्यात ठेवलं. ती पारड्याबाहेर वाहू लागली. त्यांनी तिला गोळा करून परत ठेवलं, ती दुसऱ्या बाजूने वाहिली. एकतीस वर्षांत त्यांनी लोखंडापासून लवंगांपर्यंत सगळं तोललं होतं, पण वजन करताना निघून जाणारा माल त्यांनी पाहिला नव्हता. विसाव्या मिनिटाला ती थकून वेटोळं घालून बसली. एक हजार चारशे बारा ग्रॅम.

संध्याकाळी सातला फोन वाजला. "बाबा, किती?"

त्यांनी आकडा सांगितला. त्यांना आनंद झाला होता, आणि सापाच्या उपासाचा आनंद व्हावा याची लाजही वाटली होती.

तिथून रोजचा क्रम ठरला. सकाळी वजन, संध्याकाळी फोन. बायको दुसऱ्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायची आणि अधूनमधून म्हणायची, "माझी काही चौकशी?" काटेसाहेब हाताने तिला थांबवायचे. लेक उपाय सुचवायची आणि ते अंमलात आणायचे. पेटीवर काळा कपडा टाकला. उंदीर कोमट पाण्यातून काढून केस वाळवायच्या यंत्राने वाळवला, त्यासाठी बायकोचं यंत्र वापरलं आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. उंदीर कोंबडीच्या रश्शात बुडवून पाहिला. सुतळीने त्याचा वास घेतला आणि पाण्याच्या भांड्यामागे जाऊन बसली.

"बाबा, तो उंदीर नुसता धरू नका, हलवा," लेक फोनवर म्हणाली. "तो जिवंत वाटला पाहिजे."

"जिवंत म्हणजे कसा?"

"घाबरलेला."

हे मात्र काटेसाहेबांना बरोबर समजलं. घाबरलेलं कोणी कसं वागतं याचा त्यांच्याएवढा अभ्यास कोणाचा असणार? निरीक्षक दारात दिसला की बाजारातला खाटीक काय करतो, ते त्यांनी उंदराकडून करून घेतलं. उंदीर आधी जागच्या जागी थिजला. मग काही झालंच नाही असं दाखवत हळूच बाजूला सरकला. मग पारड्याखालून काहीतरी काढून घ्यावं तसा मागे झुकला, आणि शेवटी अतिशय नम्रपणे पुढे आला. पाच मिनिटं हा प्रयोग चालला. सुतळी शेवटपर्यंत बघत होती. जेवली मात्र नाही.

मग काटेसाहेबांच्या डोक्यात एक शंका शिरली, आणि एकदा शिरलेली शंका त्यांनी आजवर कधी मोकळी सोडलेली नव्हती. उंदरांच्या पाकिटावर "प्रत्येकी शंभर ग्रॅम" असं छापलेलं असायचं. त्यांनी पाकीट फोडून एक उंदीर तोलला. अठ्ठ्याऐंशी. दुसरा तोलला. एकोणनव्वद. ते दोन्ही उंदीर बर्फाच्या डब्यात घालून, खात्याचं ओळखपत्र खिशाला लावून प्राण्यांच्या दुकानात गेले.

"साहेब, उंदीर फ्रीजरमध्ये राहिला की थोडा सुकतो," दुकानदार म्हणाला.

"मग पाकिटावर 'सुकण्यापूर्वी शंभर' असं छापा."

"साहेब, गिऱ्हाईक साप आहे. त्याला काय कळतंय?"

"तो नऊ आठवडे जेवलेला नाही," काटेसाहेब म्हणाले. "त्याला न कळायला काय झालं?"

दुकानदाराने लेखी समज सही करून घेतली आणि समोर बसून शंभर-शंभर ग्रॅमचे सहा उंदीर निवडून दिले. काटेसाहेब विजयी मुद्रेने घरी आले. सुतळीने पूर्ण वजनाचा उंदीरही नाकारला.

आता जीव टांगणीला लागला. आकडा एक हजार तीनशे एकाहत्तरवर आला होता. लेकीच्या आवाजातली काळजी रोज वाढत होती, म्हणून काटेसाहेबांनी सुतळीला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा टोपलीत ठेवला, आणि लेकीला न सांगता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दवाखान्यातल्या खुर्च्या एकमेकींपासून लांब लांब ठेवलेल्या होत्या. समोर मांडीवर कासव घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी टोपलीकडे बघून विचारलं, "काय होतंय?"

"जेवत नाही."

"आमचं जास्त जेवतं," बाई म्हणाल्या, आणि दोघेही आपापलं दुःख घेऊन गप्प बसले.

डॉक्टरने सुतळीला उलटंपालटं करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोट फिरवलं. "तब्येत चांगली आहे. उपाशी किती दिवस?"

"त्रेसष्ट."

"वजन?"

"एक हजार चारशे बारावरून एक हजार तीनशे एकाहत्तर. रोजची नोंद आहे." काटेसाहेबांनी वही पुढे केली.

डॉक्टरचा हात थांबला. "रोजची?"

"रोज सकाळी साडेसहाला. शंका आली तर संध्याकाळीसुद्धा."

"म्हणजे तुम्ही हिला रोज खोक्यातून काढून काट्यावर ठेवता?"

"काढल्याशिवाय वजन कसं होणार?"

डॉक्टरने चष्मा काढला. "साहेब, तुम्हाला कोणी रोज पहाटे अंथरुणातून उपसून पारड्यात ठेवलं, वीस मिनिटं तुमच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग नाकासमोर उंदीर नाचवला, तर तुम्ही जेवाल का?"

काटेसाहेबांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "उंदीर नाही जेवणार," ते म्हणाले.

"पहिल्या आठवड्यात ती जेवली नाही, कारण कात टाकायची होती. पुढचे आठ आठवडे तुमच्यामुळे. आता आठ दिवस हात लावू नका. वजन तर मुळीच नाही. नवव्या दिवशी उंदीर ठेवा आणि खोलीतून बाहेर या. दार लावून."

काटेसाहेब घरी आले ते अगदी गळून. आयुष्यभर ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, तिनेच बिचाऱ्या जिवाला उपाशी ठेवलं होतं. त्यांनी काटा उचलून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते कपाट उघडलं गेलं नाही.

संध्याकाळी सातला फोन वाजला. "बाबा, आज किती?"

आज वजन केलंच नव्हतं. ते का केलं नाही हे सांगायचं तर आठ आठवडे आपणच सुतळीला छळलं, हेही सांगावं लागणार होतं. काटेसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "एक हजार तीनशे एकोणसत्तर."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न तोललेल्या वस्तूचं वजन सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांनी हात धुतले, आणि थोड्या वेळाने पुन्हा धुतले. रात्री भाजी तशीच ताटात राहिली.

नवव्या दिवशी त्यांनी पेटीत उंदीर ठेवला, दार लावलं आणि बाहेर स्टुलावर बसून राहिले. तासाभराने आत डोकावले तर उंदीर नव्हता. सुतळीच्या अंगाच्या मध्यभागी एक सुबक फुगवटा होता, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलाच भाव नव्हता. काटेसाहेबांना नाचावंसं वाटलं. त्यांनी सात वाजायचीही वाट न पाहता लेकीला स्वतः फोन लावायचं ठरवलं, पण तेवढ्यात तिचाच आला.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिने आकडा विचारला नाही. "आज माझा आराखडा परत आला. तीन महिन्यांचं काम. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, असा पूल उभा राहिला तर त्यावरून मी जाणार नाही." मग ती रडली. काटेसाहेबांनी लेकीचं रडणं ती सात वर्षांची असताना शेवटचं ऐकलं होतं. "आईला सांगू नका हं. तिला झोप लागणार नाही."

"नाही सांगत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "माझाही एकदा आख्ख्या बाजारासमोर पाणउतारा झाला होता." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. बावीस काटे खोटे ठरवून त्यांनी जप्त केले होते, आणि मग कळलं होतं की त्यांचंच प्रमाण वजन खाली पडून त्याचा टवका उडाला होता. बावीस दुकानांत जाऊन बावीस वेळा माफी मागावी लागली होती. लेक रडता रडता हसली. पंचवीस मिनिटं झाली. शेवटी तिने विचारलं, "आणि सुतळी?"

काटेसाहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. सुतळी जेवली, हे सांगितलं की उद्याचा फोन कशाला येईल? बुधवार, रविवार, सहा सेकंद, आईला द्या.

"नाही जेवली," ते म्हणाले.

तिथून पुढे सगळं उलटंच झालं. सुतळी दर दहा दिवसांनी व्यवस्थित जेवू लागली आणि काटेसाहेबांचा घास तोंडात फिरू लागला. रोज संध्याकाळी ते वहीतला आकडा एखाद्या ग्रॅमनी खाली आणायचे, लेक हळहळायची, आणि मग दोघं इतर गोष्टी बोलायची. तिच्या खोलीची खिडकी कुठे उघडते, साहेब कसे खोकतात, नवा आराखडा कुठवर आला, सगळं. ते दहा-वीस मिनिटं सुखात असायचे, आणि फोन ठेवला की ताटाकडे बघवत नसे. खोट्या काट्यावरचा माल त्यांनी कधी घरात येऊ दिला नव्हता. आता ते स्वतःच तो रोज विकत होते. दुकानांत काटा तपासताना दुकानदाराच्या नजरेला नजर देणं जड जाऊ लागलं. एकदा खाटकाने अंगठा पारड्यावर ठेवलेला दिसला, आणि ते न बोलता पुढे गेले. खाटीकच घाबरून मागे पळत आला आणि विचारू लागला, "साहेब, बरं नाही का?"

बायको सगळं बघत होती. तिने डब्यावर काही लिहू दिलं नव्हतं, पण तिच्या फ्रीजरमधल्या डब्याचं वजन तिला न उघडता कळायचं. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "डबा हलका झालाय."

काटेसाहेब ताटातली भाजी इकडून तिकडे सरकवत राहिले.

"साप जेवत नाही. तुम्ही जेवत नाही. मग उंदीर कोण खातं?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. बायकोने पुढे काही विचारलं नाही. ते हात धुवायला गेल्यावर तिने फोन उचलला.

आकडा एक हजार तीनशे अडतीसवर पोचला तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, मी शनिवारी येते. मला स्वतः बघायचंय तिला."

लेक घरी येणार म्हणून आनंदाने काटेसाहेबांची छाती भरून आली, आणि ती येऊन काय बघणार या विचाराने तीच छाती बसली. शुक्रवारी संध्याकाळी ते सुतळीसमोर बसले. ती जाडजूड, चकचकीत, नुकतीच जेवलेली. "थोडं पोट आत ओढ," ते तिला म्हणाले. मग त्यांची नजर कपाटाकडे गेली. काट्याच्या पायाखालचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला असता, बुडबुडा जरा बाजूला गेला असता, दोनशे ग्रॅम कुठल्या कुठे गेले असते. त्यांनी काटा काढला, टेबलावर ठेवला, स्क्रूवर बोटं ठेवली आणि पाऊण तास तसेच बसून राहिले. बोटं फिरली नाहीत. उलट जाता जाता त्यांनी बुडबुडा बरोबर मध्ये आणला, कारण तो केसभर डावीकडे होता.

शनिवारी दुपारी लेक आली. आईला मिठी मारली, बॅग दारातच टाकली, हात धुतले आणि सरळ खोलीत गेली. काटेसाहेब मागोमाग गेले. बायको उंबऱ्याबाहेर थांबली. लेकीने पेटी उघडून सुतळीला दोन्ही हातांत घेतलं, तिचा भार जोखला, एकदा बाबांकडे पाहिलं आणि तिला पारड्यात ठेवलं. तिच्या हातांत सुतळी लगेच वेटोळं घालून बसली. आकडे धावले आणि थांबले. एक हजार पाचशे बावीस.

लेकीने आकड्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, काटा बिघडला असेल का हो?"

तिला सगळं ठाऊक होतं, हे काटेसाहेबांना तिच्या आवाजावरूनच कळलं. आणि तिने दार उघडून धरलं होतं, हेही कळलं. फक्त हो म्हणायचं होतं. जुना झालाय, बदलायला हवा, एवढंच. विषय मिटला असता. त्यांनी काट्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं हजारो माणसांनी त्यांच्यासमोर हेच वाक्य म्हटलं होतं.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "मी खोटं सांगत होतो. पाच आठवडे. तिने त्याआधी जेवण सोडलं तेही माझ्यामुळेच, मी रोज वजन करायचो म्हणून."

"मग जेवायला लागल्यावर सांगितलं का नाही?"

काटेसाहेबांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "जेवली म्हणून सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू म्हणाली असतीस, आईला द्या."

लेकीने सुतळीला उचलून पेटीत ठेवलं, झाकण लावलं, आणि मग बाबांच्या शर्टाची कॉलर चिमटीत धरली. कॉलर आणि मानेच्या मध्ये तिची दोन बोटं सहज मावली. "आई, तो न्हाणीघरातला काटा आण," ती म्हणाली.

"तो काटा नव्हे," काटेसाहेब म्हणाले. "त्यावर शिक्का नाही."

"उभे राहा."

ते उभे राहिले. एकसष्ट किलो. "पूर्वी मी सदुसष्ट होतो," ते म्हणाले, "पण हा अडीच किलो कमी दाखवतो."

"मग साडेतीन तरी गेलेच," बायको उंबऱ्यावरून म्हणाली. लेकीने खिशातून पेन काढलं, टेबलावरची सुतळीची वही उघडली, आणि सुतळीच्या शेवटच्या खोट्या आकड्याखाली आडवी रेघ मारून त्याखाली बाबांचं वजन लिहिलं. त्या रात्री ते दोन वेळचं जेवले.

लेक दोन दिवस राहून परत गेली. मंगळवारी संध्याकाळी सातला काटेसाहेब फोनपासून लांब, खिडकीपाशी बसले. मंगळवार ना बुधवार ना रविवार, आणि सुतळी तर ठणठणीत होती. फोन वाजला. बायको उचलायला उठली नाही, तिने नुसती मान हलवली. शेवटी त्यांनीच उचलला.

"बाबा, जेवलात का?"

"हो," काटेसाहेब म्हणाले, आणि थांबले. पुढे काय असतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"काय जेवलात?"

मग ते सांगू लागले. भाजी किती, अंडी किती, त्यातलं एक कसं जरा लहान होतं, आणि सकाळी न्हाणीघरातला काटा त्यांनी उघडून आतली स्प्रिंग कशी दुरुस्त केली. ती मध्येच हसली, मध्येच तिने आराखड्यातला एक आकडा विचारला, आणि ते खुर्ची ओढून बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बायकोने दोनदा हात पुढे केला, दोनदा त्यांनी तिला थांबवलं. तेव्हा ती उठली, विणकाम घेऊन सापाच्या खोलीपाशी गेली, उंबऱ्यावर जरा घुटमळली आणि साप घरात आल्यापासून पहिल्यांदा आत गेली. स्टूल पेटीसमोर ओढून ती बसली. सुतळीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"जेवलीस का गं?" तिने काचेतून विचारलं.